निर्धूर चूल : आधी धुराची वाट, मग चूल

गोव्याच्या खेडोपाडी आता स्वयंपाकाचा गॅस मोठ्या प्रमाणावर पोहोचला आहे. तथापि चूल घरातून गेली, असे मात्र म्हणता येणार नाही. पहाटे न्हाणीतील भाण तापविण्यासाठी, उकडे तांदूळ करण्याकरिता भात उकडण्यासाठी, चवथीच्या दिवसांत घर माणसांनी भरले म्हणजे मोठ्या भांड्यांसाठी, आणि सिलिंडर संपल्यावर चार दिवस निभावून नेण्यासाठी चूल आजही पेटते. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांतील अनेक वाड्यांवर तर ती रोजच पेटते. जी वस्तू रोजच्या वापरात आहे ती सुरक्षित कशी करावी, हे जाणून घेणे प्रत्येक घराच्या हिताचे आहे. प्रस्तुत लेखात धुराडे असलेली, म्हणजे ज्यास आपण निर्धूर चूल म्हणतो अशी चूल घरात कशी बसवावी, याचा क्रमाने विचार केला आहे.

छायाचित्रात न आलेले टोक

प्रारंभी एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. सेवेत नवखा असताना सत्तरी तालुक्यातील एका वाड्यावर निर्धूर चुलीच्या कार्यक्रमाचे वृत्त घेण्यासाठी मी गेलो होतो. नवी चूल, शेणाने सारवलेली स्वच्छ जमीन आणि चुलीपुढे प्रसन्न मुद्रेने बसलेली एक आजी, असे छायाचित्र मी घेतले. ते छापूनही आले. पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर दुसऱ्या एका कामानिमित्त त्याच वाड्यावर जाण्याचा योग आला. आजींनी ओळखले, पाणी दिले आणि म्हणाल्या, "बाबा, चूल तुमची चांगली, पण पाऊस चुलीत येतो आणि धूर घरात येतो. म्हणून मुलाने नळी कापली."

मी वर पाहिले. धुराड्याची नळी माळ्याच्या फळ्यांपर्यंत जाऊन तेथेच संपली होती. माळ्यावर गुरांसाठी गवत आणि सरपणासाठी नारळाची सोडणे रचलेली होती. नळीच्या तोंडाजवळचा वासा तळहाताएवढ्या जागी कोळशासारखा काळा झाला होता. त्या वाशावर नख लावताच काळा भुगा हातात आला. घर वाचले होते ते केवळ दैवयोगाने. त्याच दुपारी गवत खाली उतरविले गेले आणि नळी नीट बसेपर्यंत चूल बंद ठेवण्यात आली.

परत येताना मनात एकच विचार होता. मी छापलेल्या छायाचित्रात चूल होती, आजी होत्या. नळीचे वरचे टोक मात्र नव्हते. ते टोक पाहावयाचे असते, हे मलाच ठाऊक नव्हते. चूल नवी झाली, पण धुराची वाट कोणी आखली नाही. पावसाला दोष देता येत नाही आणि नळी कापणाऱ्या मुलालाही देता येत नाही. बसविणाऱ्याने छपराचे काम अर्धवट सोडले आणि पाहणाऱ्याने वर पाहिले नाही, हाच खरा दोष होय.

धुराचे स्वरूप

धूर म्हणजे अर्धवट जळालेले सरपण होय. लाकडास पुरेशी हवा व पुरेशी उष्णता मिळाली नाही म्हणजे त्यातील काही भाग काजळी, डांबरासारखे द्रव्य आणि निरनिराळे वायू यांच्या रूपाने निघून जातो. धुरातील अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत. पण श्वासावाटे ते फुप्फुसात खोलवर जातात. दीर्घकाळचा खोकला व दमा, लहान मुलांचा न्यूमोनिया, हृदयविकार आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध असल्याचे वैद्यकीय संशोधनातून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सन २०२० मध्ये घरातील धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. स्वयंपाक करणारी स्त्री आणि तिच्याजवळ असणारे मूल, या दोघांच्या वाट्याला हा धूर सर्वाधिक येतो.

धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा वायूही निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्यावर प्राणवायू वाहून नेला जातो, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असे समजणे चुकीचे आहे. निखारे धूर देत नाहीत, पण हा वायू भरपूर देतात.

थोडा पूर्वेतिहास

धुराड्याच्या चुलीचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांच्या प्रयोगांतून 'मगन चूल' पुढे आली. हैदराबाद येथे अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची सुधारित चूल तयार केली आणि १९५३ मध्ये तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 'अस्त्र ओले' ही चूल सिद्ध केली. कन्नड भाषेत 'ओले' म्हणजे चूल. केंद्र शासनाने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्याखाली देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या.

एवढ्या चुली बसल्या. पण त्यांपैकी किती टिकल्या, हा प्रश्न राहतोच. या संदर्भात ओडिशातील एका अभ्यासाचा उल्लेख उपयुक्त ठरेल. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील सुमारे २,६०० कुटुंबांत धुराड्याच्या मातीच्या चुलींचे काय होते, हे चार वर्षांपर्यंत पाहिले. त्यांचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला; पुढे चुलींचा वापर अनियमित झाला, दुरुस्ती झाली नाही आणि लाभ नाहीसा झाला. सत्तरीतील त्या आजींनी मला एका वाक्यात जे सांगितले होते, तेच या अभ्यासाने आकड्यांनी दाखविले. तात्पर्य असे की, चूल देणे हे काम सोपे. ती नीट बसविणे व चालू ठेवणे हे खरे काम होय.

जागेची निवड

चूल कोठे बसवावी हे ठरविताना प्रथम छपराकडे पाहावे, मग जमिनीकडे. धुराडे सरळ वर जाऊन मोकळ्या आकाशात कोठे निघेल ती जागा आधी निश्चित करावी, आणि तिच्या खाली चूल मांडावी. ज्या जागेच्या डोक्यावर तुळई, माळा अथवा गवत आहे ती जागा सोडून द्यावी.

चूल बाहेरील चिऱ्याच्या भिंतीलगत असावी. कुडाच्या, झावळ्यांच्या अथवा लाकडी फळ्यांच्या भिंतीलगत चूल मांडू नये. तशी भिंत असल्यास त्या ठिकाणी चिऱ्याची अथवा विटांची आडभिंत उभारावी. चुलीचे तोंड दाराच्या थेट समोर येऊ देऊ नये; वाऱ्याचा झोत ज्वाला बाहेर ओढतो. येण्याजाण्याच्या वाटेवर चूल नसावी. चुलीपुढे किमान दोन ते तीन फूट जागा दगडी, सिमेंटची अथवा मातीची मोकळी असावी. तेथे गोणपाट, चटई, झाडू किंवा सरपणाचा ढीग राहू नये. समोरासमोर दोन खिडक्या, अथवा एक खिडकी आणि एक दार, अशी हवेची सोय असावी. धुराडे धूर बाहेर नेते. पण त्याकरिता बाहेरची ताजी हवा आत यावी लागते. खोली पूर्ण बंद असेल तर धुराडेही ओढ घेत नाही.

बांधणी

निर्धूर चुलीचे तीन भाग असतात. जाळ होतो ती भट्टी, पहिल्या भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली उष्णता नेणारा बोगदा, आणि शेवटी धुराडे. भट्टीत सरपणाखाली लोखंडी जाळी बसवावी. तिच्यामुळे हवा खालून मिळते, राख खाली पडते आणि जाळ स्वच्छ होतो.

चूल चिऱ्याच्या अथवा विटांच्या पक्क्या बैठकीवर बांधावी. मातीच्या चुलीसाठी चाळलेली चिकणमाती, भाताचा कोंडा आणि शेण यांचा गारा एक-दोन दिवस मुरू द्यावा. त्यामुळे भेगा कमी पडतात. भांड्यांची तोंडे रोज वापरातील भांडी समोर ठेवून त्यांच्याच मापाने घ्यावीत. भांडे तोंडावर घट्ट बसले नाही तर धूर धुराड्याकडे न जाता त्या फटीतून बाहेर येतो. दुसऱ्या तोंडावर भांडे नसेल तेव्हा ते झाकण्यासाठी लोखंडी झाकण ठेवावे. उघडे तोंड हे धुराची चोरवाट होय.

बांधल्यावर चूल सावलीत आठ ते पंधरा दिवस वाळू द्यावी. ओल्या चुलीत मोठा जाळ केल्यास ती तडकते आणि तडे पुढे कायम धूर सोडतात.

धुराडे

धुराड्याचे शास्त्र सोपे आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी खालून नवी हवा ओढली जाते. नळी जितकी उंच आणि जितकी उबदार, तितकी ओढ अधिक. नळीला वळणे जितकी जास्त, तितकी ओढ कमी. यास्तव धुराडे शक्यतो सरळ उभे असावे; वळण द्यावेच लागले तर ते काटकोनी न देता तिरके द्यावे आणि आडवा भाग अगदी थोडा ठेवावा. घरगुती चुलीस चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर व्यासाची नळी सामान्यतः पुरते.

नळी सिमेंटची, जस्ती पत्र्याची अथवा विटांनी बांधलेली असावी. पाण्याची प्लॅस्टिकची नळी धुराड्यासाठी कदापि वापरू नये. ती मऊ पडून वाकते व पेटूही शकते. जुन्या काळी अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या सर्रास वापरल्या गेल्या. तशी नळी घरात असेल तर ती करवतीने कापू नये, फोडू नये आणि घासू नये. तिचा बारीक धूळकण श्वासातून गेल्यास कित्येक वर्षांनी फुप्फुसाचे गंभीर विकार व कर्करोग होऊ शकतो.

नळीच्या तळाशी साफसफाईसाठी झाकणाचे तोंड ठेवावे. धुराडे पूर्ण बंद करणारी झडप मात्र बसवू नये. उष्णता वाचावी म्हणून कोणी ती रात्री बंद केली, तर निखाऱ्यांचा विषारी वायू घरातच कोंडला जातो.

छपरातून जाताना

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येथे धुराड्याची खरी परीक्षा कौलांपाशी होते. येथील काम अर्धवट राहिले तर घरधनी पहिल्याच पावसाळ्यात नळी काढून टाकतो, आणि त्याचे ते करणे स्वाभाविकच आहे.

पहिली गोष्ट आगीची. एकेरी पत्र्याची नळी आणि वासे, रिपा, फळ्या अथवा कोणतीही पेट घेणारी वस्तू यांत किमान दीड फुटाचे अंतर असावे. कौलारू छपरात रिपा जवळजवळ असतात. म्हणून नळी जेथून जावयाची तेथील रिपा कापून त्यांची टोके दोन्ही बाजूंच्या वाशांना आधार देऊन बांधावी लागतात. एवढे अंतर मिळत नसेल तर माळ्यापासून छपरापर्यंत नळीऐवजी विटांचे धुराडे बांधावे, त्याच्या आणि लाकडाच्या मध्ये दोन इंच जागा मोकळी सोडावी आणि ती फट लाकडाने न बुजविता पत्र्याने झाकावी. दुसरा चांगला मार्ग असा की, छपराचा उतार ज्या बाजूस येत नाही त्या त्रिकोणी माथ्याच्या चिऱ्याच्या भिंतीतून नळी बाहेर काढून भिंतीलगत उभी न्यावी. अशा वेळी छपराला छिद्र पाडावे लागत नाही. गवताच्या अथवा झावळ्यांच्या छपरातून मात्र पत्र्याची नळी कधीही नेऊ नये.

दुसरी गोष्ट पावसाची. नळी कौलांतून निघते तेथे तिच्याभोवती जस्ती पत्र्याचा रुंद गळपट्टा बसवावा. त्याचा वरचा काठ वरच्या ओळीतील कौलांखाली आणि खालचा काठ खालच्या ओळीतील कौलांवर यावा. असे केले म्हणजे पाणी पत्र्यावरून कौलांवर उतरते, घरात येत नाही. केवळ सिमेंट थापून ही फट बुजत नाही; उन्हाने ते तडकते. नळीच्या माथ्यावर पत्र्याची टोपी बसवावी. टोपी आणि नळीचे तोंड यांत धूर मोकळेपणी जाईल एवढे अंतर असावे.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. धुराडे छपरातून जेथे बाहेर निघते तेथून किमान तीन फूट वर असावे, आणि त्याच्या दहा फुटांच्या आत छपराचा जो उंच भाग असेल त्याच्यापेक्षा दोन फूट अधिक उंच असावे. नळी कोनाड्याखाली बुटकी राहिली म्हणजे छपरावरून उतरणारा वारा धूर उलटा ढकलतो. पावसाळी वाऱ्यात ही तक्रार विशेष जाणवते. धुराड्यावर माडाच्या सुक्या झावळ्या अथवा झाडाच्या फांद्या लोंबत असतील तर त्या काढून टाकाव्यात.

पहिला जाळ आणि उदबत्तीची परीक्षा

चूल वाळल्यावर पहिले काही दिवस लहान जाळ करावा. पेटविण्यापूर्वी धुराड्याच्या तळाशी मूठभर सुके गवत अथवा कागद जाळावा. नळी तापली की ओढ सुरू होते. मग भांडी ठेवून जाळ नीट लागल्यावर एक पेटती उदबत्ती घ्यावी आणि ती चुलीच्या तोंडाशी, भांड्यांच्या कडेला, प्रत्येक सांध्याजवळ व नळीच्या जोडाजवळ धरावी. उदबत्तीचा धूर चुलीकडे ओढला गेला तर काम ठीक. तो बाहेर ढकलला गेला तर तेथे फट आहे अथवा ओढ कमी आहे, असे समजावे. ही परीक्षा दारे उघडी ठेवून एकदा आणि बंद करून एकदा करावी. त्याच वेळी एकाने बाहेर जाऊन नळीच्या वरच्या टोकातून धूर निघतो की नाही, आणि माळ्यावर कोठे धूर साचतो काय, हे पाहावे. एक तास जाळ चालल्यावर नळीजवळच्या लाकडाला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल इतके लाकूड तापत असेल, तर चूल वापरात आणू नये.

सरपण

ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असते. असे लाकूड जाळले तर बरीच उष्णता पाणी आटविण्यात जाते, धूर वाढतो आणि नळीत डांबरासारखा राप बसतो. हा राप पेटला तर धुराड्यातच आग लागते. म्हणून सरपण पावसाळ्यापूर्वी फोडून, वर छप्पर व बाजूंनी वारा अशा जागी रचावे. चुलीवर अथवा नळीला टेकवून ते वाळवू नये. ओली सोडणे, प्लॅस्टिक, रंग अथवा पॉलिश लावलेल्या फळ्या जाळू नयेत. काजूच्या बियांची टरफलेही घरातील चुलीत घालू नयेत. त्यांतील तेल दाहक असून त्याचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. चूल पेटविण्यासाठी रॉकेल अथवा पेट्रोल ओतणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

न्हाणी आणि गॅस

न्हाणीतील भाणाची चूल अनेकदा दुर्लक्षित राहते. जागा लहान, खिडकी बंद आणि आत निखारे, अशा स्थितीत स्नान करणाऱ्यास भोवळ येऊ शकते. या चुलीचे तोंड भिंतीबाहेर काढावे हे उत्तम. ते शक्य नसेल तर तिलाही धुराडे असावे आणि वरची जाळीची खिडकी कधीही बुजवू नये. थंडीत उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे हेही तितकेच घातक आहे.

ज्या घरात गॅस आणि चूल दोन्ही आहेत तेथे ती एकाच ओट्यावर अथवा शेजारी शेजारी ठेवू नयेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरत जातो आणि जमिनीवरील चुलीच्या जाळापर्यंत सहज पोहोचतो. गॅसचा वास येत असताना चूल पेटवू नये, विजेचे बटण दाबू नये. सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडावीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. धुराड्याची चूल धूर नाहीसा करीत नाही. ती तो घराबाहेर नेते. रोजचा स्वयंपाक गॅसवर करणे परवडत असेल तर फुप्फुसांच्या दृष्टीने तेच श्रेयस्कर आहे. चूल जेथे अपरिहार्य आहे तेथे ती नीट असावी, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

देखभाल : शाकारणी आणि चवथ

नळी किती दिवसांनी साफ करावी, असे विचारले जाते. चूल रोज पेटत असेल तर महिन्यातून एकदा तळचे झाकण काढून काजळी पाहावी. नखाएवढा थर दिसला की नळी साफ करावी. काथ्याच्या दोरीला काथ्याचाच बोळा आणि खाली एक दगड बांधून तो वरून सोडावा आणि दोन-तीनदा वरखाली ओढावा. काम चूल थंड असताना, नाकातोंडाला फडके बांधून करावे.

याशिवाय वर्षातून दोन मोठ्या तपासण्या कराव्यात, आणि त्यांच्यासाठी वेगळी तारीख लक्षात ठेवण्याची गरज नाही. पावसाळ्यापूर्वी घराची शाकारणी होते, कौले परतली जातात. त्याच दिवशी नळीचा माथा, टोपी आणि गळपट्टा पाहावा. शिडी लागलेलीच असते. पुढे चवथीपूर्वी घर झाडले-सारवले जाते, तेव्हा चुलीचे तडे लिंपून घ्यावेत आणि नळीजवळचे वासे तपासावेत. राख काढताना ती लोखंडी घमेल्यात काढून घराबाहेर ठेवावी. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो; प्लॅस्टिकच्या बादलीत अथवा गोठ्याजवळ राख टाकू नये.

अपघात झाल्यास

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. जमिनीवर लोळावे, अथवा जाड सुती घोंगडीने ज्वाला विझवावी. चुलीजवळ नायलॉनची साडी आणि सैल पदर टाळावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे; बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. हळद, दंतमंजन अथवा तेल लावू नये. डोके दुखणे, मळमळणे, भोवळ येणे ही लक्षणे चुलीजवळच्या एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी दिसली तर विषारी वायूचा संशय घ्यावा आणि सर्वांना तात्काळ मोकळ्या हवेत न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक चुलीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

पंचायत आणि शाळा

चुलींच्या योजनेची नोंद ठेवताना 'बसविलेल्या चुली' हा एकच रकाना पुरेसा नाही. धुराड्याचे वरचे टोक प्रत्यक्ष कोणी पाहिले, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर घरास दुसरी भेट केव्हा दिली, हे दोन रकाने प्रत्येक नोंदवहीत असावेत. गवंड्याचे उरलेले पैसे या दुसऱ्या भेटीनंतरच द्यावेत, असे ठरविल्यास छपराचे काम अर्धवट राहणार नाही. चूल कोठे असावी हे ठरविताना ती वापरणाऱ्या गृहिणीचे मत प्रथम घ्यावे. तिची उंची, तिची भांडी आणि तिच्या सवयी यांना जी चूल जुळत नाही ती अडगळीत जाते.

शिक्षकांना या विषयात विज्ञानाचे अनेक पाठ सापडतील. सरपणाचा एक ओंडका दर आठवड्यास तोलून त्याचे वजन किती घटते ते मुलांनी लिहावे. वजन घटावयाचे थांबले की लाकूड वाळले. स्वयंपाकघरात पांढरा कागद आठवडाभर टांगून त्यावरील काजळी पाहावी. उदबत्तीची परीक्षा मुलांनी मोठ्यांच्या समक्ष आपापल्या घरी करावी आणि निष्कर्ष वर्गात सांगावा. घरातील दोष मूल दाखविते तेव्हा आईवडील तो लवकर दुरुस्त करतात.

त्या आजींच्या घरची नळी पुढे त्रिकोणी माथ्याच्या भिंतीतून बाहेर काढण्यात आली. त्या वेळी मी पुन्हा छायाचित्र घेतले. या वेळी अंगणाच्या कडेला उभे राहून ते घ्यावे लागले, कारण नळीचे टोक कौलांच्या वर होते. त्या चित्रात आजी दाराशी अगदी लहान दिसतात, चूल तर दिसतच नाही; दिसतो तो आकाशात सरळ जाणारा धूर. चुलीची पाहणी करण्यास जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो अधिकारी असो, पंचायत सदस्य असो, शिक्षक असो वा घरधनी, प्रथम अंगणात उभे राहून वर पाहावे आणि मगच घरात पाऊल टाकावे, अशी विनंती आहे.